न दिलेल्या आदेशाचं उत्तर

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली फरहत गेली नऊ वर्षं रडारसमोर बसून विमानांना वाट दाखवण्याचं काम करत होती, आणि त्या नऊ वर्षांत तिचा आवाज एकदाही चढला नव्हता. घरी अम्मी म्हणायची, "तू तर भांडतेस पण हळूच."

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला तिच्या पडद्यावर दोन विमानं समोरासमोरून येत होती; एकाचा नंबर चारशे बारा, दुसऱ्याचा चारशे एकवीस. तिने चारशे बाराला नऊ हजार फुटांपर्यंत उतरायची परवानगी दिली. असा आदेश मिळाला की वैमानिकाने तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकायचा, हा रिवाज. पण त्या वेळी उत्तराच्या जागी एक कर्कश खरखर आली आणि तिच्या शेवटी "नऊ हजार" एवढेच शब्द ऐकू आले. दोघं एकाच वेळी बोलले की अशी खरखर होते, हे फरहतला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने ते उत्तर पुरेसं मानलं.

चारशे एकवीसनेही तोच आदेश आपला समजून उतरायला सुरुवात केली आहे, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा पडद्यावरचे दोन ठिपके एकमेकांना चिकटायला आले होते. तिने बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. विमानातली धोक्याची यंत्रंही अजून बोलली नव्हती. एवढ्यात तिच्या कानात एक शांत पुरुषी आवाज आला, कुणाचं तरी ऐकून उत्तर द्यावं तसा.

"उजवीकडे वळतो, चारशे एकवीस."

ठिपके अलग झाले. दोन्ही विमानांत मिळून तीनशे अठरा माणसं होती, आणि त्यांतल्या कुणाला काही कळलंही नाही.

चौकशीत टेप वाजवली गेली. तिचा आदेश, ती खरखर, मग अकरा सेकंद निव्वळ शांतता, आणि त्यानंतर ते उत्तर. उजवीकडे वळायचा आदेश मात्र कुठेच नव्हता. चारशे एकवीसचा कॅप्टन केरळचा होता. त्याने लिहून दिलं होतं : 'एका म्हाताऱ्या स्त्रीचा आवाज होता. ती कुठली भाषा बोलली ते मला माहीत नाही. पण काय करायचं ते समजलं, म्हणून मी उत्तर दिलं.' सहवैमानिकाने खाली सही केली होती.

निकाल लागेपर्यंत फरहतला कामावरून दूर ठेवण्यात आलं. ती दौंडला आली, पण घरात जीव रमेना. विमानं जिथे जवळ आली होती ती जागा नकाशावर वडगाव रासाईच्या पलीकडे, भीमेच्या वळणावर पडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटर काढून तिकडे निघाली. तिथे जाऊन काय करायचं हे तिला सांगता आलं नसतं. उसाच्या ट्रॉल्या चुकवत, पूल ओलांडून ती पोचली तेव्हा नदीकाठच्या कांद्याच्या रानात एक बाई खुरपत होती, आणि बांधावर एक म्हातारी पाय पसरून बसली होती.

"मंगळवारी इथून दोन विमानं गेली का हो?" फरहतने विचारलं.

"इमानं रोजच जात्यात की," खुरपणारी बाई म्हणाली. तिचं नाव अनिता. "आमी कुठं बघतूय वर! पर मंगळवारी आमच्या आत्याबाईंनी लई घाबरवलं बगा. बसल्या जागंवर ताडकन उठल्या आन् ओरडाया लागल्या, उजवीकडं व्हय, उजवीकडं! रानात ना बैल, ना ट्रॅक्टर. आन् ह्यांना मोतीबिंदू, समोरचं माणूस दिसत न्हाई."

"किती वाजले होते?"

"कारखान्याचा अकराचा भोंगा झाला हुता नुकताच."

फरहतला जे वाटलं ती भीती नव्हती. एखाद्या अफाट उंच गोष्टीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर छाती भरून यावी तसं काहीसं होतं. ती म्हातारीजवळ मातीतच बसली; अनिताच्या त्या आत्याबाईंचं नाव साखरबाई.

"आजी, कुणाला सांगत होतात तुम्ही?"

"त्यानं इचारलं, म्या सांगितलं," साखरबाई म्हणाल्या. त्यांचे दुधाळ डोळे नदीकडे होते. "तुमी बोलंना झाला, मंग कुनीतरी बोलाया नगं?"

फरहतने आपण कोण, काय करतो, यातलं काहीच त्यांना सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच आपल्या डोक्यावर केवढं आभाळ आहे हे तिने नुसतं बघून घेतलं. ते स्वच्छ निळं होतं. कुठे ढग नाही, घरघर नाही, पांढरी रेघ नाही.

साखरबाईंनी अचानक मान कलती केली.

"आनखी एक इचारतंय," त्या हळूच म्हणाल्या. "ह्याला काय सांगू, ते मला उमगंना. तुमीच सांगा."

फरहतने पुन्हा वर पाहिलं. आभाळ रिकामंच होतं. तरी तिने विचारलं, "किती उंचीवर आहे?"

"खाली हाय," साखरबाई म्हणाल्या, आणि चाचपडत त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "लई खाली. जमिनीच्या बी खाली."