निसटलेला दोरा

पहिल्या खेपेला विषय मांडायला वर्गापुढे उभी राहिले ती कागदात डोकं खुपसूनच. फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती हा विषय मला पाठ होता. समोरच्या चेहऱ्यांकडे मात्र बघवेना. सर म्हणाले, "बाई, वाचता आम्हालाही येतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. तेव्हाही असंच झालं, तर वर्ष वाया जाईल." चाळिशीत ग्रंथालयाचं शिक्षण घेणाऱ्या बाईला वर्ष म्हणजे पुष्कळ असतं. शिवाय बाबा गेल्यापासून त्या संध्याकाळच्या वर्गाखेरीज माझ्याशी कोणी फारसं बोलतही नव्हतं.

बाबा शिलाई मशीनच्या दुकानात गिऱ्हाइकांना मशीन चालवून दाखवायचे. त्यांच्याइतक्या मशीन कोणी विकल्या नाहीत, असं मालक म्हणायचे. घरी मात्र बाबा जेवून उठेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढत नसत. दिवसभर बोलून त्यांचं सगळं दुकानातच संपत असणार, असं मी धरून चालले होते. तिथं त्यांचं बोलणं ऐकायला मी कधी गेले नाही. आता त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस त्याच काउंटरवर होता. सगळे त्याला रेडिओ म्हणत. त्याच्याकडे गेले.

"ताई, तुम्ही! बसा, बसा. मशीन हवी? तुम्हाला म्हणून सांगतो, ही घेऊ नका, नुसती दिसायला गोड आहे."

"बोलायला शिकायला आलेय," मी म्हटलं आणि वर्गातली फजिती सांगितली. "बाबांसारखं बोलायचंय. घरी तर ते बोलायचेच नाहीत."

"मग इथं तरी कुठं बोलायचे?" तो हसला. "मी घसा फोडायचो आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे जायचं! ते आपले गुमान टीप घालत बसायचे. मधेच सुईतून दोरा निसटायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो काका, दोरा सुटला. की हे उठून खुर्ची द्यायचे. ओवा बघू म्हणायचे. एकदा हातानं दोरा ओवला, की माणूस मशीन आपलीच समजतो."

"दोरा निसटायचा कसा?"

"निसटायचा कसला! मुद्दाम सोडायचे."

संध्याकाळी घरी शिवताना बाबा मला हाक मारायचे. ये गं, दोरा ओवून दे, डोळे कामातून गेले माझे. मी पुस्तक पालथं ठेवून जायची. पुन्हा सुटेल म्हणून तिथंच स्टुलावर बसून राहायची.

"त्यांना जवळचं दिसत नव्हतं ना?" मी विचारलं.

"त्यांना? दिवे गेले तरी बोटांच्या अंदाजानं ओवायचे."

माझा चेहरा बघून रेडिओनं समोरच्या मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाला, "चहा सांगू?"

पुढच्या आठवड्यात मी कागद नेला नाही. टेबलावर फाटकं पान, खळीची वाटी, ब्रश आणि पातळ कागदाची पट्टी मांडली. फाटलेल्या कडेला खळ लावली. पट्टी टेकवताना हाताखालचं पान सरकू दिलं. पट्टी तिरकी बसली. मी थांबले. वर्गात कोणी हूं की चूं करेना. वर्ष गेलंच, असं वाटलं.

"अहो ताई, तिरकं लागतंय," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"या मग. तुम्ही धरा."

ती आली. तिच्यामागून आणखी तिघं आले. खळ ओली आहे तोवर पट्टी का उचलता येते, ब्रश आतून बाहेर का न्यायचा, हे ते विचारत गेले, मी सांगत गेले. सगळे टेबलाभोवती जमले तेव्हा सर खुर्ची सोडून मागे उभे होते.

"झालं. पास," ते म्हणाले. मग जवळ येऊन हळूच, "बाई, पान खरंच सरकलं होतं?"

"सरकलं," मी म्हणाले.

वर्ग रिकामा झाला. ती मुलगी ओलं पान दाबून अजून उभी होती. आता सोडलं तरी चाललं असतं. मी तिला तसं सांगितलं नाही.