शर्टांच्या घड्या

"आई, हे सिनेमातलं रडणं झालं," दिग्दर्शक पोरगी तिच्याजवळ उकिडवी बसत हळूच म्हणाली. "मला खरं हवंय."

तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि मान डोलावली.

सेटवर सगळे तिला आईच म्हणत. सव्वीस वर्षांत तिने पडद्यावर चाळीसेक मुलगे गमावले होते. कुणी गोळी लागून, कुणी कड्यावरून पडून. दर वेळी छातीवर हात, मग गुडघ्यांवर कोसळणं, मग हंबरडा. थिएटरात हमखास हुंदके ऐकू यायचे. आईला घेतलं की रिटेकची कटकट नाही, असं निर्माते म्हणत.

हा सिनेमा वेगळा होता. गाणी नाहीत, मारामारी नाही. मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आई त्याचे वाळलेले शर्ट घड्या करून ठेवते, एवढाच तिचा प्रसंग. पोरीने घरी येऊन समजावलं होतं, की काही करायचं नाही, फक्त घड्या घालायच्या. असं काम जन्मात पहिल्यांदाच चालून आलं, म्हणून ती हरखून गेली होती.

दोन वर्षांपूर्वी तिची स्वतःची मुलगी तापाने गेली. तेव्हाही ती अशीच कोसळली, हंबरडा फोडला, आणि मागे जाऊबाई कुणाला तरी म्हणाल्या, "इथेही सिनेमाच." ते कानावर पडलं आणि तिचं रडू जे आटलं, ते आजपर्यंत. आज तिसरा शर्ट हातात घेतला आणि आत काहीतरी फुटलं. हात आपसूक छातीशी गेला. रडू खरं होतं. पण त्याला बाहेर पडायची दुसरी वाटच ठाऊक नव्हती.

हे दिग्दर्शक पोरीला सांगता आलं असतं. पण सांगायला गेलं तर तोही एखादा संवादच वाटेल, या धास्तीने ती गप्प राहिली.

आणखी सात टेक झाले. दुपारी पोरीने तिला बाजूला नेलं आणि अवघडत, दोनदा माफी मागून सांगितलं, की दुसऱ्या कुणाला तरी बसवून पाहते. कपडेपटातल्या इस्त्रीवालीला बोलावलं.

इस्त्रीवाली बसली. एक घडी, दुसरी, तिसरी. चौथ्या शर्टावर ती थबकली, तुटलेल्या बटणाच्या जागी अंगठा फिरवला, जरा विचार केला आणि घडी पुरी केली. पोरीचे डोळे भरून आले.

दिव्यांमागे उभ्या असलेल्या आईने ते पाहिलं. हेच ते. मुलगी गेल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या घरात असंच तर, न रडता, चाललं होतं सगळं. पोरीचं काही चुकलं नव्हतं, हे तिला कळलं. आणि कुणावर रागवायचीही सोय उरली नाही.

कट झाल्यावर तिने इस्त्रीवालीला विचारलं, मनात काय होतं.

"कुठे काय? बटण लावायचं राहिलंय, बोलणी बसतील म्हटलं." इस्त्रीवाली कावरीबावरी झाली. "आई, चुकलं का माझं काही?"

"नाही गं. पुन्हा तस्संच कर."

तोच प्रसंग आता दुसऱ्या बाजूने घ्यायचा होता. कॅमेरा हलवण्यात सगळे गुंतले होते. घातलेल्या घड्या मोडायला कुणी मोकळं नव्हतं. ती खाली बसली आणि एकेक शर्ट उलगडून, होता तसा चुरगळून ठेवू लागली.