सतरावी बाई

संगणकापासून या जगात काहीही लपून राहत नाही, हे आपल्या युगाचं अंतिम सत्य आहे. आमच्या गुंद गावात मात्र या सत्याला करंट लागतो, आणि येसाजीच्या स्वयंपाकघरात चालणारा प्लग एकच आहे.

त्या प्लगाला लॅपटॉप लावून येसाजीचा मुलगा प्रज्योत सकाळपासून डोकं धरून बसला होता. उद्या नंदिगड्ड्यात कंदांच्या बियाण्याची देवघेव. आमच्याकडे हे बी विकत नाहीत. यंदा नेलं की पुढच्या वर्षी तेवढंच परत आणायचं. कुणी काय आणायचं, याचा निरोप बत्तीस बायकांच्या मोबाईलवर धाडणारा प्रोग्रॅम प्रज्योतने केला होता. तो सतराव्या बाईपाशी अडून बसला. पुढच्या पंधराजणींना निरोपच नाही.

"अडलं कुठं रं?" येसाजीने विचारलं.

"बघतो आप्पा. तिथंच थांबवून तिची एकेक व्हॅल्यू उघडतो."

सतरावा ऑब्जेक्ट, म्हणजे सतराव्या बाईची नोंद, उघडला. नाव: केशर. गाव: गुंद. आणायचं बी: मुडली, पाच कंद. मोबाईल: रिकामा. हयात: हो.

केशर म्हणजे प्रज्योतची आई. मार्गशीर्षात गेली.

"नंबर कुणी काढला?"

"मीच. ट्रायलचा निरोप धाडला की ट्रंकेतला तिचा फोन वाजायचा, अन् तुम्ही उठून जायचा."

"आन् खालचं ते 'हो'?"

"ते न्हाई जमलं."

संगणकाची काही चूक नव्हती. हयात आहे पण मोबाईल नाही, अशी बाई त्याला कुणी शिकवलीच नव्हती. आमच्या जोयडा तालुक्यात अशा पुष्कळ आहेत. पण प्रोग्रॅम करणारा शेवटी इंजिनिअर.

'हो'चं 'नाही' केलं की काम होणार होतं. प्रज्योतने कर्सर तिथं नेला. परत आणला. पुन्हा नेला.

"ऱ्हाऊ दे," येसाजी म्हणाला. "माझा नंबर घाल. तिचं बी मी नेतो."

नंबर घातला. प्रोग्रॅम सुरळीत बत्तीसपर्यंत गेला. येसाजीच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो मुलापुढे धरला.

"वाच."

"केशरबाई, उद्या मुडलीचे पाच कंद घेऊन या."

"परत वाच."

प्रज्योतने परत वाचलं. येसाजी उठला, खवलेलं खोबरं आणि दोन मिरच्या भांड्यात टाकून मिक्सरची वायर हातात घेऊन उभा राहिला.

"आता तेवढा प्लग काढ रं. चटणी वाटायची ऱ्हायलीया."