साहेबाची हिरवी उशी

माझा भाऊ जीवराम दहा वर्षं फैजपूरच्या केळीत राबला. झाड दिसलं की त्याच्या बुडाशी पेंड घातल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. त्याच गुणावर धुळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर त्याला माळीकाम मिळालं, पण कच्चं. कायम झाला असता तर बंगल्यामागची पत्र्याची खोली आमची झाली असती. नाहीतर मी विधवा आणि हा बिनलग्नाचा, जायचं कुठं?

चौतीस सालच्या फाल्गुनात साहेबानं बोटीनं एक कुंडी मागवली. कुठल्याशा थंड मुलखातल्या डोंगरमाथ्यावरचं झाड. तिथं म्हणे बारमाही पाऊस, धुकं आणि पायाखाली दलदल. झाड तरी कसलं? वीतभर रुंद हिरवा गोळा, टणक, वर बारीक पानं गच्च बसलेली. ना फूल, ना फळ, ना सावली.

मी म्हटलं, "जीवराम, हाई झाड शे का उशी?"

साहेब मात्र रोज सकाळी त्या उशीशी गप्पा मारायचा. मडमेशी एवढं बोलला असता तर ती बिचारी विलायतेला निघून गेली नसती.

चैत्र तापला तसा साहेब महाबळेश्वरला निघाला. थंडीतलं झाड धुळ्यात ठेवलं आणि स्वतः थंडीत गेला, वा रे शहाणपण! जाताना त्याच्या हेडक्लार्कानं, सुकदेवरावांनी, हुकूम ऐकवला, "झाड जगलं तर जीवराम कायम. मेलं तर चालता हो. पाण्याशिवाय काही घालायचं नाही. मी रोज पाहून साहेबांना पत्र टाकणार आहे."

झाडाला वाळ्याचे पडदे लागले. पत्र्याखाली भाकरी थापताना माझं अंग भाजून निघायचं, आणि पलीकडे हे झाड गारव्यात बसलेलं. मला त्याचा अस्सा राग यायचा म्हणून सांगू!

पंधरा दिवसांत ते कडेनं तांबूस पडलं. जीवराम हळहळला, "अक्का, हाई उपाशी शे वं." आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत त्यानं निंबोळीची पेंड मूठभर चारलीच. चौथ्या दिवशी झाड सडून घाण सुटली.

"मेल्या, तुना हात मोडो!" मी ओरडले. तो डोकं धरून बसला. मग मलाच त्याची दया आली. पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं होतं त्यानं ते झाड.

मी सडकं झाड उकिरड्यावर फेकलं आणि शेण, पांढरी माती, भुसा मळून तेवढाच गोळा कुंडीत बसवला. विहिरीच्या थारोळ्यावर, जिथं मोटेचं पाणी पडतं, तिथल्या दगडांवरचं शेवाळ खरवडलं आणि गोळ्यावर थापलं. रोज पहाटे जुनं काढायचं, नवं लावायचं. सुकदेवराव दारातूनच चष्मा सावरून बघायचे, "छान, छान!" म्हणायचे आणि पत्र लिहायला जायचे.

जूनमध्ये साहेब परतला. गोळा चाचपून त्यानं पट्टी लावली, तर झाड बोटभर वाढलेलं! वाढणारच, माझा हात सढळ. साहेबानं विलायतेच्या कुठल्याशा मासिकाला लेख धाडला. मी आनंदानं खोली सारवून घेतली.

पाचव्या दिवशी आम्हाला व्हरांड्यात बोलावणं आलं. साहेब बोलला, सुकदेवरावांनी सांगितलं, "साहेब फार खूश आहेत. एवढं नाजूक झाड या उन्हात वाढलं, म्हणजे धुळ्याच्या हवेत झाडं आपली आपण वाढतात हे सिद्ध झालं. तेव्हा यापुढे बंगल्याला माळ्याची गरज नाही."

 माझ्या अंगाचा भडका उडाला. "अहो साहेब, झाड कसलं, शेण आहे ते! रोज मी थापते!"

साहेबानं सुकदेवरावांकडे पाहिलं. इतक्या दिवसांच्या सगळ्या पत्रांखाली सही यांची. घाम पुसून ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले. साहेब प्रसन्न हसला आणि कागदावर लिहू लागला.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"बाई आपले आभार मानते आहे, असं."

साहेबानं दिलेला दाखला घेऊन आम्ही फैजपूरला गेलो. तिथं केळीच्या एका मालकानं मास्तरांकडून तो मोठ्यानं वाचून घेतला: "हा माळी अत्यंत गुणी आहे. झाडाला कधीही हात लावत नाही." मालकानं जीवरामाला फाटकातूनच वाटेला लावलं.