गेलावेजची किक

मी फटफटी बोलतेय. एके काळी लालभडक होते. आता टाकीला दोन्ही बाजूंनी मालकाचे गुडघे घासून घासून आतला पत्रा दिसायला लागलाय.

माझा पहिला धनी मरिवान शहराच्या बाजारातला एक कापडवाला. तो मला रोज पुसायचा आणि तेल मात्र कधी बदलायचा नाही. माणसांचं असंच. दिसतं तेवढं चकचकीत ठेवतात, आतलं जळेना का. पुढे त्याने चारचाकी घेतली आणि मला बख्तियारच्या गळ्यात बांधलं. तेव्हापासून मी हवरामानच्या डोंगरात आहे. इथे घरं एकावर एक रचलेली, खालच्याचं छप्पर तेच वरच्याचं अंगण.

बर्फाने घाट बंद झाला की मी गोठ्यात, शेळ्यांच्या शेजारी झोपते. घरातली मात्र जागी असतात. बख्तियार जोड्यांचे तळ ठोकतो आणि त्याची बायको गेलावेज त्यावर पांढरं सूत विणते, हिवाळाभर. नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, नवे जोडे घातल्याशिवाय इथलं कुणी घराबाहेर पडत नाही. पण सण उलटला की मरिवानच्या बाजारात त्याच जोड्यांना कुत्रंही विचारत नाही. म्हणजे दोघांचा अख्खा हिवाळा माझ्या पहिल्या किकवर टांगलेला.

मला झोपवायचं काम गेलावेजचं. ती टाकी गळ्यापर्यंत भरते, पेट्रोलची चावी बंद करते आणि मी आपोआप विझेपर्यंत थांबते. मग सायलेन्सरच्या तोंडात तेलकट लोकरीचं बूच. त्याला लांब लाल दोरा. "हा बाबा विसरेल म्हणून," ती म्हणते.

उठवायचं काम बख्तियारचं, आणि ते म्हणजे मारामारीच. एका वर्षी बाहेर गारठा आहे म्हणून त्याने मला दार लावून गोठ्यातच चालू केलं. धुराने शेळ्या झोकांड्या खायला लागल्या. गेलावेजने आधी शेळ्या बाहेर ओढल्या, मग नवऱ्याला.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो छपरावरचं बर्फ लोटताना घसरला आणि उजवा गुडघा धरून बसला. गुडघा ब्रेक दाबण्यापुरता वळायचा, किक मारण्यापुरता नाही. घाट उघडला, सण तोंडावर आला, आणि हा काठी घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यात.

"ती शेगडी हिच्या खाली सरकव," तो म्हणाला. "पोट शेकलं की उठते."

"पेट्रोल आहे तिच्या पोटात. तुझंच पोट शेकू का आधी?"

"दरवर्षी करतो मी."

"दरवर्षी वाचतोस."

तिने शेगडी लांब नेऊन ठेवली आणि मला ढकलत उघड्या अंगणात आणलं. लाल दोरा ओढून बूच काढलं.

"झालं की. मार आता किक."

"आधी हिचं नाक बघू दे."

नाक म्हणजे माझा एअर फिल्टर. तिने डबी उघडली आणि बघतच राहिली. आत उंदराने घरटं केलं होतं. पांढऱ्या सुताचं, मऊ, गोल. ती पाय मारून मोकळी झाली असती तर ते सगळं माझ्या छातीत गेलं असतं.

ते सूत तिचंच. भर हिवाळ्यात एक लड हरवली होती, आणि वरच्या घरातल्या हाजरामावशीला तिने तोंडावर विचारलं होतं, तुमच्याकडे आली का म्हणून. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

हाजरामावशी वरून सगळं बघत होती. तिच्याच्याने राहवेना.

"काय सापडलं गं?"

"माझं सूत."

"माझ्या घरात?"

"फटफटीच्या नाकात."

"मग तिला विचारायचं होतंस, चोरलंस का म्हणून."

गेलावेज कुणापुढे वाकणारी बाई नव्हे. पण तिने मान वर करून सांगितलं, "चुकलं माझं, मावशी."

"चुकलं तर चुकलं. वर येशील तेव्हा माझ्या मापाचे जोडे घेऊन ये."

मग गेलावेजने घरटं उचलून बाजूला ठेवलं, माझा प्लग काढला आणि तान्ह्याची टाळू भरावी तसे तेलाचे चार थेंब आत सोडले. बटण बंद ठेवूनच हाताने किक हळूहळू फिरवली, सुकलेल्या पिस्टनला ओल लागेपर्यंत. कारबोरेटरच्या तळाशी उरलेलं शिळं पेट्रोल काढून टाकलं. काळं तेल काढून नवं भरलं. चाकं दाबून बघितली, ब्रेक ओढून बघितले, प्लग पुसून बसवला. इतकी वर्षं लोकांनी मला लाथाच घातल्या. कुणी कशी आहेस म्हणून विचारलं असेल तर याच बाईने.

झग्याचा घोळ कमरेला खोचून ती उभी राहिली. पेट्रोलची चावी उघडली, बटण चालू केलं, चोक ओढला. पहिली किक कोरडी गेली. दुसरीला मी खोकले.

"अंगाचा भार टाक," बख्तियार म्हणाला. "नुसत्या शिव्या नको देऊस."

"शिव्या तुला देतेय."

तिसऱ्या किकला मी उठले.

"मूठ पीळ, जोरात पीळ!"

"गप बस. झोपेतून उठलेल्याला कुणी पळवतं का?"

मी अंगणात संथ धडधडत राहिले. तेल वरपर्यंत चढलं, अंग कोमट झालं, मग तिने चोक आत ढकलला. आवाज ऐकून लोक छपराछपरांवर आले.

जोड्यांचं गाठोडं बांधल्यावर तिच्या ध्यानात आलं. "घाटात बंद पडली तर?"

बख्तियारने गुडघ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती मागे बसली. तिचे जोडे वर्षानुवर्षं मरिवानला जात होते. ती पहिल्यांदा जात होती.

बाजारात ती बख्तियारपेक्षा जोरात ओरडली. गिऱ्हाईक जोडा उलटापालटा करून घासाघीस करायला लागलं की म्हणायची, "मी विणलाय. उसवून दाखव, फुकट ने." गाठोडं रिकामं झालं. एक जोड तेवढा तिने विकला नाही. हाजरामावशीच्या मापाचा.

त्यालाही आता बरेच हिवाळे झाले. मी म्हातारी झालेय, चढावर धापा टाकते, साखळी कुरकुरते. पुढच्या वर्षी कदाचित चौथ्या किकलाही उठणार नाही. तुमच्या घरी कुणी अशी झोपलेली असेल तर तिला दमाने उठवा. दार उघडं ठेवा, नाक बघा, थेंबभर तेल द्या, आणि ती उठली की लगेच पळवू नका.

आणि एक गोष्ट माझ्या तोंडून गेलावेजला कधी कळायची नाही. बाजाराच्या दिवशी बख्तियार अजून काठी घेऊन लंगडत अंगणात येतो. "गुडघा आज फार धरलाय गं. किक कोण मारणार?" ती कुरकुरत घोळ खोचते, मला उठवते आणि मागे बसते. घाट सुरू झाला की तो माझी टाकी गुडघ्यांत आवळतो. दोन्ही बाजूंनी सारखीच घट्ट.