तुळईचं टोक

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात चंद्रशेखरांना सगळे 'मॅनरवाले काका' म्हणत, आणि काकांना ते भारी आवडे. मिशिगनभर पूल बांधून निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या जुन्या इंग्रजी मॅनर हाऊसमध्ये, म्हणजे सरदारी वाड्यात, ते फुकट गाईडगिरी करायचे. साडेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात बांधलेलं ते घर एका मोटारवाल्या धनिकाने शंभर वर्षांपूर्वी लाकडांवर नंबर घालून सुटं केलं आणि बोटीने इकडे आणलं. काका ही कथा अशा थाटात सांगत, की जणू पेट्या त्यांनीच उतरवून घेतल्या होत्या.

दिवाणखान्याच्या एका टोकाला उंचावर वादकांसाठी लाकडी सज्जा होता. त्याचा सगळा भार एका ओकच्या तुळईवर. बारा वर्षांपूर्वी तिच्या टोकाशी भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा म्हातारा गवंडी म्हणाला होता, फटीत चुनाच भरा, लाकडाला श्वास घेऊ द्या. काका हसले. पुण्याच्या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून त्यांचा सिमेंटवर देवापेक्षा जास्त भरवसा. त्यांनी फट सिमेंटने ठासून बंद केली, आता काळजी नको असं लेखी दिलं, आणि दाराशी त्यांच्या नावाची पितळी पाटी लागली.

येत्या शनिवारी याच दिवाणखान्यात त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, अंतराचं लग्न होतं. सज्ज्यात मंडळाचं ढोल-ताशा पथक उभं राहणार होतं, पंचवीस जण, कमरेला ढोल बांधून. ही कल्पनाही काकांचीच.

मंगळवारी फुलांच्या माळा कुठे बांधायच्या ते बघायला काका शिडीवर चढले. तुळईला हात लावला तर ती ओलसर लागली. खिशातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी सहज टोचून बघितला, तर तो ढोकळ्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला. मुरलेलं पाणी त्या सिमेंटने बारा वर्षं आत कोंडून ठेवलं होतं. काका खाली कसे उतरले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"अहो, साडेचारशे वर्षं टिकलंय ना ते?" घरी मृणालिनीकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग चार तास नाही टिकणार? शनिवार पार पडू दे. रविवारी सांगा."

"आणि नाही टिकलं तर?"

काकू पोळ्या लाटत राहिल्या.

खरं सांगायचं तर तो सल्ला काकांना गोड लागला, आणि याचीच त्यांना लाज वाटली. बुधवारी सकाळभर ते कागदावर आकडेमोड करत बसले. पंचवीस जण, ढोल, वर उड्या. उत्तर दरवेळी तेच येत होतं, तुळई मोडणार. दुपारी घर बघायला आलेल्या लोकांना घेऊन मॅनरमध्ये फिरताना एका छोट्या मुलीने पाटीकडे बोट दाखवून विचारलं, हे नाव तुमचंच ना? काका चक्क नाही म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांनी मॅनेजर डोनाला शिडीवर चढवून तो स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात दिला. तासाभरात दिवाणखान्याला प्रवेशबंदीची पिवळी पट्टी लागली.

अंतरा ऑफिसातून तडक मॅनरवर आली. काका बाहेर पायरीवर बसले होते.

"बाबा, कॅन्सल? दोन दिवस राहिलेत!"

"मंडळाचा हॉल मिळतोय. मी बोललोय त्यांच्याशी."

"तो कॅफेटेरियासारखा हॉल? यार बाबा, तीनशे लोक येतायत!" तिने दाराकडे हात केला. "आणि त्या बीमला काय झालंय? तू स्वतः फिक्स केलं होतंस ना ते? लहानपणापासून ऐकतेय मी, आय फिक्स्ड इट, आता शंभर वर्षं बघायला नको!"

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हो बाळा," ते म्हणाले. "मी केलं होतं, म्हणूनच सांगतोय."