सावलीची कड

साहेबांचा बंगला सावलीच्या बाहेर पडला त्या दुपारी मी कॅन्टीनमधून दोन चहा मागवले आणि दोन्ही मीच प्यायले. आनंद वाटून घ्यावा असं टेबलाशी कोणी नव्हतं, आणि असतं तरी मी वाटला नसता.

वेधशाळेच्या गणित विभागात मला एकतीस वर्षं झाली. ग्रहण कधी लागणार आणि मुख्य म्हणजे कुठून दिसणार, हे काढणं आमचं काम. खग्रास ग्रहणात चंद्राची गडद सावली जमिनीवरून एका अरुंद पट्ट्यातून पळते. पट्ट्यात उभे असाल तर भरदुपारी तारे दिसतात. पट्ट्याबाहेर थोडेसे जरी असाल तर नुसता मळका उजेड, घरी बसलात तरी चालेल.

येत्या ग्रहणाचा पट्टा मी बावीस वर्षांपूर्वीच काढला होता. चौदा महिने लागले. डोळ्यांना चष्मा लागला तो तेव्हाच. कागद विभागप्रमुखांकडे, म्हणजे साहेबांकडे गेले, आणि छापील नकाशा परत आला तेव्हा 'गणित व रेखन' या शब्दांपुढे साहेबांचं नाव होतं. मी विचारायला गेले तर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "अगं, विभागाचं काम ते विभागप्रमुखाचं काम. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

लावून घेतलं. अजून लावून घेतलेलंच आहे.

त्या एका नकाशावर माणूस मोठा झाला. भाषणं झाली, मुलाखती झाल्या, वर्तमानपत्रवाले त्यांना 'ग्रहणमहर्षी' म्हणू लागले. निवृत्तीनंतर त्यांनी टेकडीवर बंगला बांधला, तोही मुद्दाम पट्ट्याच्या अगदी कडेला, कारण कडेवरून सूर्याच्या काठावरचे तेजाचे मणी जास्त वेळ दिसतात. वर भली मोठी गच्ची. ग्रहणाच्या दिवशी तिथे मान्यवर येणार, आणि खालच्या मैदानात बारा शाळांची मुलं.

आता गंमत अशी, की पृथ्वी स्वतःभोवती घड्याळासारखी नेमकी फिरत नाही. तिची चाल किंचित बदलते आणि ती आधीपासून कोणालाच सांगता येत नाही. बावीस वर्षांपूर्वी मी एक अंदाज धरला होता. या वर्षी खरा आकडा घालून पाहिला, तर फरक आला सात सेकंदांचा. सात सेकंदांत जमीन तीनेक किलोमीटर फिरते. पट्टा तेवढा बाजूला सरकला, आणि बंगला, गच्ची, मैदान सगळं कडेच्या दीड किलोमीटर बाहेर.

तीन दिवस मी कोणाला अवाक्षर बोलले नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. गच्चीवर सगळे माना वर करून उभे आहेत, ठरलेला क्षण येतो, जातो, अंधार काही पडत नाही, आणि सगळ्या माना हळूहळू साहेबांकडे वळतात. खोटं कशाला बोलू, मला फार गोड झोप लागली ते तीन दिवस.

चौथ्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन आला. "अगं, आमच्या नातीला शाळा टेकडीवर नेणार आहे! पोरगी नाचतेय नुसती. दिसेल ना गं तिथून नीट?"

"बघून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. पोरांनी माझं काय घोडं मारलं होतं? चडफडत उठले आणि नवा नकाशा करायला घेतला. शाळांना त्याच दिवशी पत्रं गेली, की टेकडी सोडा, नदीपलीकडचं मैदान धरा.

पण साहेबांना मी असं सोडणार नव्हते. नव्या नकाशाच्या तळाशी मी बारीक अक्षरांत एक टीप घातली: 'यापूर्वीचा नकाशा चुकीचा असल्याने रद्द.' आणि पुढे कंसात साहेबांचं पूर्ण नाव. नियमाप्रमाणे जुन्या कर्त्याला कच्ची प्रत दाखवावी लागते. मी ती स्वतः पाकिटात घातली.

दुसऱ्याच दिवशी साहेब हजर. काठी टेकत, धापा टाकत दोन जिने चढून आले. मी बसा म्हटलं नाही, ते आपले आपणच बसले.

"ही टीप काढ."

"चूक आहे, साहेब. नोंद करावीच लागते."

"माझं हसं होईल गं या वयात. आणि चूक माझी आहे का?" त्यांचा आवाज चढला. "गणित तर सगळं तू केलंस! मी आकड्याला हात तरी लावला होता का?"

याच वाक्यासाठी मी बावीस वर्षं थांबले होते. मी शांतपणे कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"तेवढं लिहून द्या. तुमचं नाव टिपेतून काढते."

त्यांनी लिहिलं. एकेका शब्दाशी अडखळत. मला क्षणभर दया आली, नाही असं नाही. पण नकाशा घेऊन हसत मुलाखती देताना हेच साहेब कधी अडखळले नव्हते, हे आठवलं आणि दया गेली. 'सदर नकाशाचे संपूर्ण गणित व रेखन', पुढे माझं पूर्ण नाव, 'यांचेच असून माझा त्यात काहीही सहभाग नव्हता.' खाली सही, तारीख. मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग छापील नकाशासोबत परत आलेला माझा मूळ कागद कपाटातून काढून त्यांच्यासमोर ठेवला. समासात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'पृथ्वीची चाल अंदाजाने धरली आहे. ग्रहणाआधी दोन वर्षे फेरगणित आवश्यक.' त्यावर तांबड्या शाईची काट होती, साहेबांची.

"म्हणजे गणित चुकलं नव्हतं," साहेब पुटपुटले.

"नव्हतं. चुकीचा, रद्द असं काही छापायचं कारणच नाही. आता टीप बदलेल. पहिला नकाशा माझा, सुधारलेलाही माझा."

त्यांनी ती तांबडी काट बोटाने पुसून पाहिली. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "आणि माझं नाव?"

"कुठेच नाही, साहेब," मी म्हणाले, आणि त्यांच्या पत्राच्या तीन प्रती काढायला उठले.